भुंगेऱ्यांच्या वह्या

ओसाकाच्या उमेदा स्टेशनातून निघालेली हान्क्यू रेल्वेची चकचकीत मरून गाडी अर्ध्या-पाऊण तासात ताकाराझुका या गावी पोचते. भाची ओसाकात नोकरीला आहे. ‘‘मावशी, देवळं पुष्कळ झाली, आज तुला तुझ्या माणसाकडे नेते,’’ म्हणाली. माझा माणूस म्हणजे जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका. सगळं जग त्याला ‘ॲस्ट्रो बॉय’मुळे ओळखतं. मला तो भेटला त्याच्या ‘बुद्ध’ या चित्रकथेतून आणि तेव्हापासून सुटला नाही.

स्टेशनापासून ‘हाना नो मिची’, म्हणजे फुलांच्या वाटेने चालत गेलो. वाटेत ताकाराझुकाचं प्रसिद्ध नाट्यगृह लागतं. तिथे पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. लहान ओसामुला आई तिथे घेऊन यायची. पुढे फिनिक्स पक्ष्याचं शिल्प दिसलं की तेझुकाचं संग्रहालय आलं. हे १९९४ साली उघडलं, तेझुका गेल्यानंतर पाच वर्षांनी.

मी गेले होते चित्रकथांची मूळ पानं बघायला, पण अडकले शाळकरी वयातल्या कीटकांच्या चित्रांपाशी. तेझुकाचा जन्म १९२८चा, म्हणजे त्याची शाळा ऐन युद्धात झाली. त्या टंचाईच्या दिवसांत हा मुलगा मागच्या टेकड्यांवरून किडे गोळा करून आणायचा आणि वहीत उतरवायचा. मिशीचा एकेक मणका, पायांवरची बारीक कुसं, पाठीवरची तुकतुकी, काही म्हणता काही सुटलेलं नाही. मनासारखा लाल रंग मिळेना तेव्हा त्याने स्वतःचं रक्त वापरलं, असं सांगतात. भाचीने एक पाटी वाचून दाखवली: त्याचं खरं नाव ‘ओसामु’. ‘ओसामुशी’ नावाचा एक भुंगेरा आहे, त्याच्यावरून शाळेत असतानाच त्याने लिहिताना आपल्या नावाला किड्याचं अक्षर जोडलं. पुढे काढलेल्या ॲनिमेशन कंपनीचं नावसुद्धा ‘मुशी’. किडा!

आम्हीही सोनकिडे पकडून काडेपेटीत ठेवायचो, बाभळीचा पाला घालून. पण त्यांच्याकडे इतकं टक लावून कधी पाहिलं नाही.

तेझुकाच्या पात्रांचे मोठाले डोळे अमेरिकन कार्टूनपटांवरून आले, असं नेहमी सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या रेषेचा नेमकेपणा मला या वह्यांतच सापडला. भुंगेऱ्याला सहाच पाय काढावे लागतात आणि ते जिथून फुटतात तिथूनच काढावे लागतात. त्याने वैद्यकीचं शिक्षण घेतलं, तिथेही तीच नजर कामाला आली. १९६१ साली, चित्रकथांचा डोंगर उपसत असतानाच, त्याने डॉक्टरेट मिळवली. विषय? पाणगोगलगायीच्या शुक्रपेशी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या.

वरचा मजला आम्ही भरभर पाहिला, तळघरातली ॲनिमेशनची कार्यशाळाही. निघताना मी पुन्हा एकदा त्या चित्रांपाशी जाऊन आले.

त्याचं घर गोतेनयामाच्या चढावर होतं. जुलैचं ऊन, अंगाला चिकटणारा घाम, तरी चढलोच. आता तिथे घरंच घरं आहेत, पण झाडांवर सिकाडा किड्यांचा इतका कल्ला होता की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. एका कुंपणाच्या पानावर काहीतरी हिरवं चमकलं. आम्ही दोघी वाकलो. भाचीने फोन काढला, तिला म्हटलं, ‘‘थांब, आधी नीट बघू.’’