केसांमधून मेंदूचे तरंग: कोरड्या इलेक्ट्रोडची तिसरी आवृत्ती

जेल न लावता डोक्यावर टेकवून मेंदूचे विद्युत संकेत टिपणारा कोरडा इलेक्ट्रोड मी घरी बनवतो आहे. पहिल्या दोन आवृत्त्यांत मी सगळे लक्ष धातूवर दिले आणि तिथेच चुकलो. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांचा इलेक्ट्रोड कपाळावर छान चालत असे. तोच डोक्याच्या मागे, ओ१ च्या जागी (डाव्या बाजूचा मोजणीचा ठरलेला बिंदू), दाट केसांवर टेकवला की पडद्यावर विजेच्या तारांची गुणगुण तेवढी दिसे. शेवटी पिनांच्या टोकांना शाई लावून तो पुन्हा टेकवला आणि घरच्यांकडून केस बाजूला करून ठिपके मोजून घेतले. १२ टोकांपैकी त्वचेवर चारच उमटली होती, बाकीची शाई केसांनाच लागली होती. सपाट टोकाखाली केस आडवे दबतात आणि त्यांची गादी होते, मग धातू कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

म्हणून आता टोके गोलसर केली असून प्रत्येक पिनेला स्वतंत्र स्प्रिंग दिली आहे. लावण्याची पद्धतही बदलली: इलेक्ट्रोड सरळ न दाबता किंचित तिरका ठेवायचा आणि कंगवा फिरवावा तसा डावीकडे-उजवीकडे हलवत खाली न्यायचा, म्हणजे केस पिनांच्या मधल्या जागेत सरकतात. या वेळी शाईचे नऊ ठिपके मिळाले, आणि हा आकडा पाहून मला खरोखर आनंद झाला.

सोन्यावर विद्युतभार साचून मूळ रेषा सरकत राहते, म्हणून टोकांवर आता चांदी आणि तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर आहे. त्याहून महत्त्वाचा बदल मंडलातला आहे. मेंदूचा संकेत डोक्यावर जेमतेम दहा-वीस-पन्नास मायक्रोव्होल्टचा असतो. जेल लावल्यावर संपर्काचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणता येतो, तर कोरड्या टोकांवर तो शेकडो किलोओहमपर्यंत जातो, आणि दोन इलेक्ट्रोडांचे इम्पीडन्स एकमेकांपासून जितके वेगळे, तितकी दोघांवर सारखीच येणारी गुणगुण वजाबाकीत न जाता संकेतात मिसळते. त्यामुळे मोठ्या इनपुट इम्पीडन्सचा बफर (संकेतातून जवळजवळ प्रवाह न घेता तो पुढे पाठवणारे छोटे मंडल) पिनांच्या अगदी पाठीशी बसवला आहे. सगळी मांडणी बॅटरीवरच चालते. डोक्याला तारा जोडलेल्या असताना चार्जर लावायचा नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही.

चाचणी तीच, जी १९२९ साली हान्स बर्गर यांनी मानवी ईईजीवरचा (डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीवरचा) पहिला लेख प्रसिद्ध केल्यापासून सर्वांना ठाऊक आहे: डोळे मिटले की ८ ते १३ हर्ट्झचे अल्फा तरंग वर यायला हवेत आणि उघडले की विरायला हवेत. इलेक्ट्रोड लावून लगेच केलेल्या नोंदीत ते गोंगाटात हरवले होते. दहा मिनिटांनी, त्वचेवर थोडा घाम साचल्यावर, डोळे मिटताच आलेखात दहा हर्ट्झच्या आसपासचा उंचवटा स्पष्ट उभा राहिला आणि उघडताच बसला. सलग पाच वेळा तसेच झाले.

अर्ध्या तासानंतर मात्र पिनांच्या जागी त्वचा लाल होऊन दुखते. पुढच्या आवृत्तीत कार्बन मिसळलेल्या सिलिकॉनचे मऊ दात करून पाहणार आहे. ते केसांत शिरण्याआधीच वाकतात का, हे आधी शाई लावूनच तपासेन.