थॉम्पसनच्या घरात नीरो दावोला

आमची बाग निफाड तालुक्यात, सगळी थॉम्पसन, म्हणजे खायच्या द्राक्षाची जात. त्यामुळे लहानपणापासून चांगलं द्राक्ष म्हणजे काय हे डोक्यात पक्कं बसलेलं, मोठं, लांबट, बी नसलेलं, आणि दाताखाली मणी कचकन फुटला पाहिजे. नानांनी म्हणजे माझ्या वडिलांनी आयुष्यभर त्या एका मण्यासाठी जीव काढला. ऑक्टोबरची छाटणी झाली की विरळणी, मग जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं डिपिंग, एकेक घड हातात धरून औषधात बुडवायचा, मणी फुगला पाहिजे, लांब झाला पाहिजे, एक्स्पोर्टच्या साईजला बसला पाहिजे.

म्हणून आठ-नऊ वर्षांपूर्वी दिंडोरी बाजूला एका छोट्या वायनरीच्या बागेत पहिल्यांदा शिराझ, म्हणजे रेड वाईनचं द्राक्ष, बघितली तेव्हा मला खरंच वाटलं की ही बाग कुणी सांभाळतच नाहीये. मणी मोठ्या वाटाण्याएवढे, काळपट निळे, साल जाड, आत बिया, आणि घडही मोजकेच. तिथल्या माणसाने एक मणी तोडून दिला, चावून बिया हातावर काढायला सांगितल्या. बी अजून हिरवी असेल तर थांबायचं, तपकिरी झाली आणि चावल्यावर कुडकुड वाजली तर तोडणी जवळ आली. सालीत रंग आणि तुरटपणा असतो, मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून इथे मणी फुगवायचाच नाही. आमच्या घरी जे जे टाळण्यासाठी एवढी मेहनत चालते ते सगळं इथे हवं असतं! त्या दिवसापासून मला या विषयाने जे धरलंय ते सोडलेलं नाही.

थंडीचंही तसंच. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा डिग्रीवर येतो, बातम्यांमध्ये दरवर्षी असतंच. आमच्याकडे त्या रात्री कुणी झोपत नाही, बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे पाणी सोडायचं, नाहीतर मण्याला तडे जातात आणि माल गेला. पण वाईनवाल्याला हीच थंडी हवी, कारण दिवसा ऊन मिळून साखर वाढते आणि रात्री गार पडल्यामुळे आंबटपणा टिकून राहतो, तो नसेल तर वाईन नुसती गोडसर, जड, बेचव लागते. युरोपात द्राक्ष ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडतात आणि हिवाळ्यात वेल झोपतो, आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची एक आणि ऑक्टोबरची एक अशा दोन छाटण्या, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे आपल्या वाईनचं द्राक्ष थंडीत पिकतं. ही आपली खासियत आहे आणि याबद्दल आपणच फार कमी बोलतो.

आता बाटल्यांबद्दल. नाशिकची वाईन म्हटलं की लोकांना एकच नाव आठवतं, सुला, आणि त्यांचं श्रेय मोठंच आहे, 2000 साली त्यांची पहिली वाईन आली आणि त्यांच्यामुळे गावोगावच्या लोकांना शेनिन ब्लां हा व्हाईट वाईनच्या द्राक्षाचा शब्द माहीत झाला. पण मला शोधायला आवडतात ते लहान लोक. आमच्याच तालुक्यात कुंदेवाडीला रेव्हेलो वायनरी आहे, घरापासून मोटारसायकलवर जाता येईल इतकं जवळ, आणि ते लावतात काय, तर नीरो दावोला आणि ग्रिलो. ही दोन्ही सिसिलीची द्राक्षं, इटलीच्या दक्षिणेकडच्या उन्हाळी बेटावरची, म्हणजे कडक उन्हाची सवय असलेली. ग्रिलोला लिंबाची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा वास, तळलेल्या सुरमईबरोबर प्या एकदा. नीरो दावोला म्हणजे पिकलेलं जांभूळ, मागे थोडा तुरटपणा, काळ्या मसाल्याच्या मटणासमोर बिलकुल दबत नाही. निफाडच्या मातीत सिसिलीचा वेल, आणि मी ते पुण्यात राहायला गेल्यावर शोधलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी व्हॅलोन, इगतपुरी बाजूला सांजेगावला, मुकणे धरणाजवळ. लहान वायनरी. त्यांची शेनिन ब्लांची गोड वाईन आहे, द्राक्ष सुकू देऊन साखर घट्ट करून केलेली, पाणी उडून गेल्यावर एका मण्यातून रस निघतो तरी किती, म्हणून बाटली छोटी आणि महाग. पण गोड असूनही चिकट वाटत नाही, आंबटपणा शेवटपर्यंत सोबत असतो. अकलूजची फ्रातेल्ली काही लहान राहिलेली नाही, पण सोलापूर जिल्ह्यात सांजोव्हेझी होतं, इटलीच्या किआंती वाईनचं तेच द्राक्ष, हे बघायला तरी घ्याच.

या लहान लोकांच्या बाटल्या दुकानात का दिसत नाहीत असं मला बरेच जण विचारतात. प्रत्येक राज्याचं एक्साईज वेगळं, लेबलची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी, ज्याच्याकडे थोड्याच बाटल्या आहेत त्याला हे परवडणार कसं. म्हणून सरळ वायनरीत जायचं, आधी फोन करून, शक्यतो तोडणीच्या दिवसांत. आणि दुकानातून घेतलीच तर बाटलीवरचं वर्ष बघा, व्हाईट असेल तर सगळ्यात ताजी घ्या. मी एकदा एका दुकानातून उन्हाच्या काचेत ठेवलेली बाटली घेतली होती, घरी उघडली तर शिजवलेल्या फळासारखा वास, सगळी ओतून दिली, त्यात बनवणाऱ्याचा काहीच दोष नव्हता. रेडसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, रेड रूम टेम्परेचरला प्यावी म्हणतात ते आपल्या बत्तीस डिग्रीच्या खोलीसाठी म्हटलेलं नाही.

नाना मात्र वाईनच्या बाजूने कधीच नव्हते, आणि त्याला कारण आहे. 2008-09 च्या मंदीनंतर वायनऱ्यांची मागणी पडली, ज्यांनी भरवशावर वाईनची द्राक्षं लावली होती त्यांचा माल तसाच राहिला, आमच्या शेजारच्या काकांनी पूर्ण बाग कुऱ्हाडीने तोडली. ते नानांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे मी बाटली घरी नेली की ते म्हणायचे, "दारू ती दारूच." मी कधी वाद घातला नाही.

गेल्या वर्षी मी बाटली नेण्याऐवजी शिराझचा एक घड नेला. नानांनी आधी देठ बघितला, मग मणी चिमटीत दाबला, मग चावून बिया तळहातावर काढल्या आणि बराच वेळ उन्हात धरून बघत राहिले. मग रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणायला लावला, थेंब टाकला. चोवीस. आमची थॉम्पसन अठराच्या आसपास गेली की आम्ही तोडतो. "चोवीसपर्यंत झाडावर ठेवला? आणि पाखरं?" एवढंच विचारलं, मग जाळी कशी लावतात, एकरी किती टन काढतात, औषधं कुठली, अर्धा तास तेच.

यंदा फेब्रुवारीत सांजेगावला जायचं ठरलंय. नाना येणार आहेत. पिणार नाही म्हणालेत, पण रिफ्रॅक्टोमीटर आत्ताच पिशवीत काढून ठेवलाय.