पहाटे चारचे वादन आणि एक सभ्य पत्र

नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातल्या आमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाकडून अतिशय सभ्य भाषेतले एक पत्र आले. रविवारी दुपारी माझ्या घरातून ‘लयबद्ध ठोके’ ऐकू येतात, तरी कृपया काळजी घ्यावी, असा त्याचा मथितार्थ होता. ताशा तर मी पुण्यातच ठेवून आलो आहे. जेवणाच्या टेबलावर दोन काड्यांनी हात चालवत होतो, इतकेच. त्याच बाझेलमध्ये 10 मार्च 2025 च्या सोमवारी, पहाटे चारच्या ठोक्याला, शहरातले रस्त्यावरचे दिवे मालवले गेले आणि माझ्या खिडकीखाली ढोल व बासऱ्या एकदम गर्जू लागल्या. मला आधी आठवले ते पत्र!

या उत्सवाला फास्नाख्त म्हणतात. ख्रिस्ती उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारानंतरच्या सोमवारी तो सुरू होतो आणि बरोबर 72 तास चालतो. 2017 साली युनेस्कोने त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, हे इथला प्रत्येक जण दोनदा तरी सांगतो. मला मात्र थक्क केले ते त्या अंधारात डुलत आलेल्या कंदिलांनी. आपला आकाशकंदील डोळ्यांसमोर आणा आणि तो दोन पुरुष उंच करा: लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, आतून उजेड आणि चारही बाजूंनी रंगवलेली राजकीय टवाळी. एका कंदिलावर चकचकीत मायक्रोफोन नळासारखा वाकवून त्याखाली फुटकी बादली धरली होती. इथे भरणार असलेल्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेसाठी सुमारे 3.5 कोटी फ्रँक खर्चायला इथल्या मतदारांनी नोव्हेंबरातच कौल दिला होता. हा त्याच कौलावरचा टोला.

यात चित्रकार एकटा नसतो. वादकांचा संघ आधी वर्षाचा विषय ठरवतो. मग कंदील रंगवणारा, मुखवटे करणारे आणि बाझेलच्या बोलीत लांबलचक कागदी पट्ट्यांवर उपहासाच्या कविता लिहिणारे त्याच विषयावर राबतात. ज्याँ टिंग्लीसारखा जगप्रसिद्ध शिल्पकारही कुटलबुत्सर नावाच्या अशाच एका संघात रमला होता. धून मात्र जुन्याच संचलनाच्या असतात. म्हणजे बोचरे ते सगळे कापडावर आणि कागदावर, आणि ते बोचरे म्हणणे खांद्यावर ढोल घेतलेल्यांचे स्वतःचे.

इथे मला आमचे पथक आठवले आणि थोडे लागलेही. सात वर्षे मी ताशा वाजवला. सुपारी आली की मंडळ कोणते एवढेच विचारायचो, देखावा कशावर आहे हे एकदाही विचारले नाही. टिळकांच्या काळातले मेळे राजकीय पदे गात असत, हे आम्ही भाषणांतून ऐकायचो आणि सरावाला जायचो. अर्थात, 2022 साली कल्याणच्या एका मंडळाने शिवसेनेतल्या फुटीवर देखावा केला, तर पोलिसांनी त्यावर कारवाई केली. अशा ठिकाणी वादकाने काय विचारायचे, हाही प्रश्न आहेच. शिवाय आमचे वादन देवापुढचे असते, आणि आम्ही तोंड झाकून कुणाची टिंगल करत नाही. हे मी इथल्या सहकाऱ्याला जरा तावातावानेच सांगितले. त्याने शांतपणे विचारले, “मग तुमच्या मिरवणुकीत नेत्यांचे फलक कशाला असतात?” मी कॉफी आणायला उठलो.

गुरुवारी पहाटे चार वाजता खिडकीखालच्या वादकाने धून पूर्ण केली, मुखवटा काढला, काड्या पट्ट्यात खोचल्या आणि तो चालू लागला. त्याच्या मागोमाग कागदाचे रंगीत कपटे झाडणारी नगरपालिकेची गाडी आली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीच्या लक्ष्मी रस्त्याशी तुलना करायचा मोह मी आवरला. आमची गर्दी कितीतरी मोठी असते. आठ वाजता कामावर निघालो तेव्हा जिन्यात शेजारीण भेटली. तीन रात्री झोप झाली का, असे तिने विचारलेही नाही. रविवारी टेबलावर वाजते ते नेमके काय असते, एवढेच विचारले.