चौथी सीट आणि अकरा महिने

मुंबईत माणुसकी उरली नाही, असं सांगणारा माणूस हमखास मुंबईत कुणाच्या तरी घरी आठ दिवस राहून, जेवून-खाऊन आलेला असतो. आमचे मामा त्यातलेच. साताऱ्याकडच्या पाटणला परत गेले की पारावर त्यांचं सुरू होतं: खरा समाज बघायचा तर गावात बघा, मुंबई म्हणजे नुसता बाजार. दादरला जन्मलेल्या माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं बरोबर उलटं. गावात सगळे एकमेकांच्या धाकाने नीट वागतात. धाक सुटल्यावर माणूस कसा वागतो ते शहरातच कळतं. मी दोघांचंही ऐकून घेतो. डोंबिवलीकराला सकाळच्या गाडीत उभ्या उभ्या विचार करायला भरपूर वेळ मिळतो. एक हात वरच्या कडीत आणि दुसरा कुणाच्या तरी बॅगेखाली अडकलेला असल्यामुळे मोबाइलही काढता येत नाही.

मामा एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. ज्या मुंबईला ते नावं ठेवतात ती भरली कुणी? त्यांच्याच पंचक्रोशीने. मशीद बंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहायला जे माथाडी उतरले, त्यांत पाटण-जावळीकडची माणसं किती तरी. डबेवाले मावळ, मुळशी, जुन्नरकडचे. गिरण्यांत कोकण आणि घाट. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाची खोली असायची. दहा बाय बाराची, पण अख्खी वाडी तिच्यात मावायची. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा आडवा व्हायचा. ट्रंका भिंतीला एकावर एक, जेवण खानावळीतल्या बाईकडे, आणि गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ठरलेली. धोबीतलावला गोव्यातल्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची राहायची सामायिक जागा, होते, त्यातले काही अजून आहेत. बोटीची वाट बघणारा खलाशी तिथे नाममात्र पैशांत राहायचा आणि संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला त्याने हजर असायचं, हा नियम. गाव सोडून आलेल्या माणसाने गाव सोडलंच नव्हतं.

नवी वस्ती आखायची वेळ आली तेव्हाही तेच. 1896 च्या प्लेगनंतर शहराची घुसमट कमी करायला 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. मोकळे, हवेशीर, सरळ रस्ते आखले गेले, आणि दादर-माटुंग्याच्या त्या रस्त्यांवर एकीकडे हिंदू कॉलनी झाली, एकीकडे पारशी कॉलनी. 1915 मध्ये गावदेवीला सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. ती सारस्वतांची. यात कुणाला बोल लावावा असं मला वाटत नाही. अनोळखी शहरात माणूस आपल्या माणसांशेजारीच बिऱ्हाड करणार. पण गावातली आळी शहरात येऊन पुसली गेली, असं जे म्हणतात ते काही खरं नाही. तिला इथे रजिस्ट्रेशन नंबर मिळाला, एवढंच.

मग माझा दादरचा सहकारी म्हणतो ते शहर कुठे आहे? तेही आहे. सकाळच्या बदलापूर फास्टमध्ये आहे.

लोकलचं बाकडं तीन जणांचं. त्याच्या टोकाला अर्ध्या मांडीपुरती जी जागा उरते ती चौथी सीट. बाकडं बनवणाऱ्याने ती धरलेली नाही, तरी उभ्या माणसाने नुसतं "जरा सरकून घ्या" म्हटलं की तिघे न बोलता आत सरकतात. खिडकीवाल्याचा खांदा पत्र्याला टेकतो, मधला मांडीवरची बॅग पायांत घेतो, तिसरा गुडघे फिरवतो, आणि चौथा एका पायावर भार ठेवून टेकतो. याला बसणं म्हणायचं. आमच्या ग्रुपमधले बदलापूरहून बसून आलेले लोक ठाणं गेलं की आपणहून उठतात आणि डोंबिवलीला चढलेल्यांना बसवतात. तिथे विचारायचा प्रश्न एकच: "कुठे उतरणार?" माणसांची नावंही तशीच पडतात. एक बदलापूर, एक पोर्ट ट्रस्ट, आणि एक तबलजी, कारण भजन सुरू झालं की तो डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लागतात, वर्गणी निघते, पेढे वाटले जातात. बदलापूरच्या बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा रक्त द्यायला पोर्ट ट्रस्ट आणि तबलजी गेले होते. (गाडीत सगळंच गोडीगुलाबीचं नसतं. ग्रुपच्या जागेवर चुकून बसलेल्या नवख्याला कसं उठवतात, ते बघवत नाही.)

आता याच माणसांच्या इमारतीत भाड्याने जागा शोधायला जा. एजंटचा पहिला प्रश्न: फॅमिली का बॅचलर? दुसरा: व्हेज का नॉनव्हेज? मग आवाजात थोडं लोणी आणून तिसरा: "आडनाव काय म्हणालात?" आपल्याकडे नुसत्या आडनावावर भागतही नाही. जाधव म्हटलं की "जाधव म्हणजे कुठले?", पाटील म्हटलं की "पाटील म्हणजे तिकडचे का?", आणि तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर पाहुणेरावळे कुठे दिलेत इथपर्यंत चौकशी जाते. काही नावं सांगितल्यावर तर एजंट पुढे फोनच उचलत नाही. करार अकरा महिन्यांचा, त्यालाही एवढा घोळ. तासाभराच्या परक्याला आम्ही मांडी आखडून जागा देतो. अकरा महिन्यांचा परका म्हटला की आमची मांडी आखडत नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर जागच्या जागी थांबलं. त्या रात्री कितीतरी लोक अनोळखी घरांत राहिले. कुणी चहा दिला, कुणी कोरडे कपडे, कुणी नुसतीच जिन्याखालची जागा. आडनाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. वर्तमानपत्रांनी याला मुंबईचं स्पिरिट म्हटलं. त्या शब्दाचा मला कंटाळा आहे, कारण दोन दिवसांत लोक कामावर हजर झाले ते खाडा पडला तर पगार कापतात म्हणून. पण त्या रात्रीचं आदरातिथ्य खरं होतं, त्यात शंका नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात निकाल दिला होता, की सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवायचा नियम सहकारी संस्थेला करता येतो. त्यामुळे समाजाचं खरं रूप कुठलं, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, पावसाळ्यातलं हवंय का एरवीचं?

मामांच्या गावाला यातून सूट नाही. त्यांच्या ओसरीवर वाटसरूला गूळ-पाणी न मागता मिळतं. पण वाड्यातली रिकामी खोली शाळेत नव्याने आलेल्या मास्तरांना देताना त्यांनीही मास्तरांचं कूळ-मूळ तीन गावांतून काढलं होतं. फरक इतकाच की गावात परका माणूस क्वचित येतो, त्यामुळे ओसरी आणि खोली यांतलं अंतर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. शहरात ते रोज येतं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं, आणि दोन्ही करणारा माणूस एकच. म्हणून मला वाटतं, शहर आपल्याला वेगळं काही करत नाही. गावात वर्षाकाठी एकदा होणारी परीक्षा इथे रोज होते, आणि पेपर सगळ्यांना दिसतो.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीच बघा ना. चौथ्या सीटसाठी सरकण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही; स्वतःचं पोट आत ओढून बसवतील. संध्याकाळी कमिटीच्या मीटिंगला हेच गृहस्थ भाडेकरूंच्या फॉर्मवर 'मूळ गाव', 'समाज' असे रकाने काढून घेतात. दुष्टपणा म्हणून नव्हे, "उद्या कटकट नको" म्हणून. मीटिंगला चहा तेच सांगतात आणि पैसेही स्वतःच देतात.

तर मध्यंतरी बदलापूरच्या मुलीला डोंबिवलीच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. इकडेच जागा बघतोय, असं तो गाडीत म्हणाला आणि सेक्रेटरीसाहेबांनी तिथल्या तिथे, कुर्ला यायच्या आत, "आमच्याकडे बी विंगमध्ये रिकामी आहे, आपलीच समजा" असं सांगून टाकलं. मालकाशी तेच बोलले, भाडं कमी करून घेतलं, डिपॉझिटही. सगळं ठरलं. दोन दिवसांनी रात्री मला त्यांचा फोन.

"अहो, आपल्या बदलापूरचं आडनाव काय हो?"

मला कुठे माहीत होतं? इतकी वर्षं शेजारी बसतो, त्याच्या डब्यातली शेपूची भाजी सुद्धा खाल्ली आहे. मी म्हटलं, "का?"

"फॉर्म भरतोय. तो रकाना राहिलाय."

"मग उद्या सकाळी त्यालाच विचारा की."

पलीकडे जरा शांतता. मग ते जवळजवळ दुखावल्यासारखे म्हणाले, "गाडीत कसं विचारणार, अहो?"