नायट्रो ट्रकचे इंजिन: स्क्रूला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर

रिमोटवर चालणारा नायट्रो ट्रक, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर धावणारा छोटा मॉडेल ट्रक, नव्याने घेतलेल्या बहुतेकांची एक सवय सारखीच असते. इंजिन सुरू झाले नाही, किंवा सुरू होऊन बंद पडले, की हात सर्वांत आधी स्क्रूड्रायव्हरकडे आणि तिथून कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे असे करता करता मूळ सेटिंग कोठे होते, हेच कोणाला आठवेनासे होते. माझे ठाम मत असे आहे की नवशिक्याला ज्या अडचणी ‘ट्यूनिंग बिघडले’ म्हणून सांगितल्या जातात, त्यांतील मोठा भाग ट्यूनिंगचा नसतोच. प्लग, इंधन आणि हवेची गळती या तीन गोष्टी ठीक आहेत याची खात्री झाल्याखेरीज नीडलला, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूला, हात लावू नये आणि लावायचाच झाला, तर एका वेळी एकच बदल करावा.

असे का, ते समजण्यासाठी हे इंजिन चालते कसे, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. हे दोन स्ट्रोकचे लहानसे इंजिन असते आणि त्यात मोटारसायकलप्रमाणे ठिणगी टाकणारा प्लग नसतो. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरुवातीला आपण इग्नायटरने, म्हणजे प्लगला वीज देणाऱ्या सेलवरच्या साधनाने, ते तापवतो. एकदा इंजिन चालू झाले, की दाबाखालील उष्णता आणि प्लॅटिनमच्या सान्निध्यात मिथेनॉलची होणारी रासायनिक क्रिया यांमुळे ते वेटोळे आपोआप लाल राहते. म्हणजे प्रज्वलनाची वेळ ठरवणारी वेगळी यंत्रणा येथे नाही. ती मिश्रण, तापमान, प्लगचा प्रकार आणि दाब यांच्यावर अवलंबून असते. इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल असे तीन घटक असतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, मिथेनॉलला सुमारे साडेसहा किलो, तर नायट्रोमिथेनला दोन किलोही लागत नाही. त्यामुळे तेवढ्याच हवेत हे इंजिन कितीतरी जास्त इंधन पिते. नायट्रोचे प्रमाण बदलले, की नीडलही पुन्हा लावावी लागते, त्याचे कारण हेच.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. इंधन जळते, इंजिनाला थंडही ठेवते आणि त्यातील तेल पिस्टनला वंगणही पुरवते. मिश्रण लीन केले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी केले, तर उष्णता वाढते आणि त्याच वेळी तेल घटते. रिच, म्हणजे इंधन जास्त असलेल्या, मिश्रणावर चाललेले इंजिन सुस्त चालेल, धूर ओकेल, सायलेन्सरमधून तेल गाळेल, पण सहसा खराब होणार नाही. लीन मिश्रणावर मात्र ते काही क्षण अतिशय सुरेख पळते आणि त्या सुरेखपणातच पिस्टन व स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) झिजून जातात. शंका आली, की रिचच्या बाजूला राहावे, हा नियम याच कारणासाठी आहे.

आता सुरूच न होणाऱ्या इंजिनाकडे वळू. प्रथम ग्लो प्लग पान्याने काढावा, पकडीत धरावा आणि इग्नायटर लावून त्याचे वेटोळे पाहावे. ते पूर्ण आणि उजळ नारिंगी दिसले पाहिजे. मंद लाल दिसत असेल, किंवा फक्त एका बाजूचे वेढे पेटत असतील, तर प्लग किंवा इग्नायटरचा सेल बदलावा. इथे एक बारकावा आहे: कमी चार्ज झालेल्या इग्नायटरवरही प्लग उघड्या हवेत बऱ्यापैकी उजळतो, पण सिलिंडरमध्ये ओले इंधन अंगावर येताच तो थंड पडतो. म्हणून प्लग पेटतो हे दिसल्यावरही इग्नायटर पूर्ण चार्ज आहे याची खात्री करावीच. वेटोळे तपासताना प्लगला बोटांनी धरू नये, आणि जवळ इंधनाची बाटली उघडी नसावी. मिथेनॉलची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही, ही बाब मी प्रत्येक नवशिक्याला आवर्जून सांगतो. ते विषारी आहे आणि त्वचेतूनही शरीरात जाते, त्यामुळे हातमोजे वापरणे चांगले.

प्लग ठीक असेल, तर इंधन कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते का ते पारदर्शक नळीत दिसते. पोहोचत नसेल, तर सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर बोट ठेवून पुल-स्टार्टरची (इंजिन सुरू करण्याची) दोरी एक-दोनदा ओढावी. टाकीत दाब तयार होऊन इंधन पुढे सरकते. नळीतील इंधन कार्ब्युरेटरला टेकले, की थांबावे. जास्त ओढले तर इंजिन फ्लड होते: सिलिंडरमध्ये द्रव साचतो, द्रव दाबला जात नाही आणि दोरी अडकल्यासारखी होते. अशा वेळी जोर लावल्यास पुल-स्टार्टर किंवा कनेक्टिंग रॉड मोडू शकतो. प्लग काढावा, ट्रक उलटा करावा, प्लगच्या छिद्रावर फडके धरावे आणि दोरी काही वेळा ओढून सगळे इंधन बाहेर काढावे. तोंड व डोळे छिद्रापासून दूर असावेत. दोरी ओढताना ती शेवटपर्यंत ताणू नये. आखूड, झटपट ओढी पुरतात.

इंजिन कोरे असेल आणि प्लग काढल्यावरही वरच्या टोकाला घट्ट अडकत असेल, तर तो बहुधा दोष नसतो. बहुतेक नायट्रो इंजिनांची स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन तेथे आवळला जातो आणि इंजिन चालण्याच्या तापमानाला आल्यावर स्लीव्ह प्रसरण पावून योग्य बसते. म्हणून कोऱ्या इंजिनाचे डोके हेअर ड्रायरने थोडे तापवून मग दोरी ओढावी. पहिल्या काही टाक्या उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे रिच मिश्रणावर, पूर्ण थ्रॉटल फार वेळ न दाबता चालवाव्यात. या काळात ट्यूनिंगच्या नादी लागणे व्यर्थ आहे, कारण पिस्टन आणि स्लीव्ह एकमेकांना जुळत असतात आणि आज बरोबर वाटलेले सेटिंग पुढच्या टाकीला चुकीचे ठरते.

इंधन जुने असेल, तर बाकी सारे प्रयत्न वाया जातात. मिथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. बाटलीचे झाकण सैल राहिले, की इंधन हळूहळू निकामी होते. त्याची लक्षणे हुबेहूब चुकीच्या नीडलसारखी असतात.

हवेची गळती हा त्याहूनही फसवा प्रकार आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेली ओ-रिंग, मागच्या प्लेटचे गॅस्केट, नळीतील सुईएवढे छिद्र किंवा टाकीच्या झाकणाची रिंग यांपैकी कोठूनही हवा आत शिरली किंवा दाब निसटला, तर मिश्रण मनमानी बदलत राहते. काल उत्तम चाललेले इंजिन आज त्याच सेटिंगवर आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता मंद चालताना, कधी चढते, कधी बसते. आयडल असे सतत हेलकावे खाऊ लागले, की नीडल सोडून गळती शोधावी. टाकी काढून तिची एक नळी बंद करावी, दुसरीतून हवा फुंकावी आणि टाकी पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहावे. सायलेन्सरकडून टाकीकडे येणारी दाबाची नळी निघालेली नाही ना, हेही बघावे. ती निघाली, तर टाकीतील दाब जातो आणि इंजिन जोरात पळवताच लीन होते.

हे सगळे ठीक असेल, तर खरे ट्यूनिंग सुरू होते. कार्ब्युरेटरवर साधारणपणे तीन स्क्रू असतात: हाय-स्पीड नीडल, लो-स्पीड नीडल आणि थ्रॉटल किती मिटावा हे ठरवणारा आयडल स्क्रू. नीडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली, की मिश्रण लीन होते. उलट फिरवली, की रिच. सुरुवात उत्पादकाच्या मूळ सेटिंगपासून करावी. नीडल बंद करून फेरे मोजायचे असल्यास ती अलगद टेकेपर्यंतच फिरवावी, कारण आवळल्यास तिचे टोक आणि बसण्याची जागा कायमची खराब होते. मूळ स्थिती कागदावर टिपून ठेवावी. यापुढे प्रत्येक बदल एक अष्टमांश फेऱ्याचा, लो-स्पीड नीडलवर तर त्याहूनही कमी, आणि प्रत्येक बदलानंतर ट्रक दोन-तीन फेऱ्या पळवून पाहायचा. उभ्या ट्रकवर चाके हवेत धरून पूर्ण थ्रॉटल देणे टाळावे. भाराशिवाय इंजिन भलत्याच वेगाने फिरते आणि त्यावरून केलेला अंदाजही चुकतो.

थंड इंजिनावर कधीही ट्यूनिंग करू नये. ते आधी काही मिनिटे पळवून गरम करावे आणि मग हाय-स्पीड नीडलपासून सुरुवात करावी, कारण बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये सगळे इंधन आधी तिच्यातूनच जाते. ती बदलली, की खालच्या वेगाचे मिश्रणही हलते. हा क्रम उलटा केला, तर तेच काम दोनदा करावे लागते. लांब सरळ मार्गावर पूर्ण थ्रॉटल द्यावा. इंजिन गुरगुरत असेल, धुराचा दाट लोट निघत असेल आणि वेग चढत नसेल, तर नीडल थोडी घट्ट करावी. आवाज मोकळा झाला, ओढ जाणवू लागली आणि मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसत राहिली, म्हणजे थांबायची जागा आली. ट्रक जोरात सुटून सरळ मार्गाच्या शेवटी अचानक मरगळत असेल आणि धूर नाहीसा झाला असेल, तर ते लीन झाले आहे. लगेच थ्रॉटल सोडावा आणि नीडल एक अष्टमांश फेरा सैल करावी. धूर दिसत राहणे ही माझ्या दृष्टीने न मोडण्याची अट आहे.

नंतर लो-स्पीड नीडल. तिची परीक्षा अशी, की ट्रक गरम असताना आयडलवर ठेवावा, कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबावी आणि आवाज ऐकावा. दोन ते चार सेकंदांत वेग किंचित वाढून इंजिन बंद पडले, तर मिश्रण योग्य आहे. वेग खूप चढून, बराच वेळ लावून बंद पडले, तर रिच. वेग न वाढता लगेचच बंद पडले, तर लीन. दुसरी परीक्षा थ्रॉटलची आहे. काही सेकंद आयडल करून थ्रॉटल झटकन दिल्यावर ट्रक धुराचा भपकारा सोडून अडखळत पुढे गेला, तर रिच. धूर न सोडता श्वास कोंडल्यासारखा एकदम बंद पडला, तर लीन. जोरात पळवून थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन बराच वेळ चढ्या आवाजात राहून मग खाली येत असेल, तर तेही बहुधा लीनचेच लक्षण आहे. मात्र तेथे हवेची गळती पुन्हा एकदा तपासावी. लो-स्पीड नीडल घट्ट केल्यावर आयडल आपोआप वाढतो, तो शेवटी आयडल स्क्रूने खाली आणावा. थ्रॉटल मिटलेला असताना कार्ब्युरेटरच्या तोंडात साधारण अर्धा ते एक मिलिमीटर फट दिसली पाहिजे. आयडलवर ट्रक आपोआप सरकू लागला, तर आयडल जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग दमली आहे. त्यासाठी नीडल बदलून उपयोग नाही.

तापमानाबद्दल नवशिक्यांमध्ये फार गोंधळ दिसतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लगच्या मुळाशी मोजल्यावर जोरात चालवलेल्या इंजिनाचे तापमान सामान्यतः 100 ते 125 अंश सेल्सियसच्या दरम्यान असते. पण 110 हा आकडा गाठायचा म्हणून नीडल आवळत बसणे हे ट्यूनिंग नव्हे. थंडीत उत्तम ट्यून केलेले इंजिन 95 अंशांवर असू शकते आणि उन्हाळ्यात तेच 120 वर. ट्यूनिंग धूर, आवाज आणि ओढ यांवरून करावे. थर्मामीटर धोक्याची सूचना देण्यासाठी वापरावा. तो नसेल, तर डोक्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो तीन-चार सेकंद टिकून उडाला, तर ठीक; पडताक्षणी चर्र करून नाहीसा झाला, तर इंजिन फार तापले आहे.

हवामान बदलले, की सेटिंगही थोडे बदलते. थंड, दाट हवेत सिलिंडरमध्ये जास्त प्राणवायू जातो, म्हणून नीडल किंचित सैल करावी लागते. उष्ण, दमट हवेत किंवा उंच ठिकाणी किंचित घट्ट. सकाळी लावलेले सेटिंग दुपारी जरा रिच वाटले, तर त्यात नवल नाही. उलट दुपारी लावलेल्या सेटिंगवर थंड सकाळी ट्रक सरळ पूर्ण थ्रॉटलने पळवणे धोक्याचे आहे.

दिवसाचा खेळ संपला, की टाकी रिकामी करावी आणि उरलेले इंधन संपून इंजिन बंद पडेपर्यंत ते आयडलवर चालू द्यावे. आत राहिलेले मिथेनॉल पाणी ओढते आणि नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्लधर्मी अवशेष उरतात. दोन्ही मिळून बेअरिंगना गंज चढवतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन ऑइलचे (खेळानंतर गंज रोखण्यासाठी टाकायच्या तेलाचे) काही थेंब टाकावेत, दोरी चार-पाच वेळा ओढून ते सगळीकडे पोहोचू द्यावे आणि हवेचा फिल्टर धुऊन पुन्हा फिल्टर ऑइलमध्ये भिजवावा. शेवटी फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन खालच्या टोकाला आणावा, म्हणजे थंड होताना आकसणारी स्लीव्ह त्याला वरच्या निमुळत्या भागात आवळून धरणार नाही.