चापडगावचा गाळ आणि कोकणात लावलेली रोपं

मागच्या रविवारी परत चापडगावला जाऊन आले. नाशिकहून पहाटे पाचला निघालं की उजाडताना आपण नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या मनोऱ्यावर असतो, निफाडची ती हाडात शिरणारी थंडी आणि समोर पाण्यावर वारकरी पक्षी, चक्रवाक, बदकांचे थवे. गावातली पोरं दुर्बीण घेऊन सोबत येतात, कुठल्या लव्हाळ्यात काय बसलंय ते त्यांना आपल्याआधी दिसतं.

ह्या वेळी मात्र मी पक्ष्यांपेक्षा गाळच बघत होते. कारण हे सगळं पाणथळ गाळानेच तर झालंय ना. इंग्रजांच्या काळात गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी बंधारा बांधला, मग शंभराहून जास्त वर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, लव्हाळी वाढली आणि पक्षी आले. १९८६ ला अभयारण्य, २०१९ ला रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, महाराष्ट्रातलं पहिलं. आपल्याला अभिमान वाटतोच, वाटायलाच पाहिजे. पण हाच गाळ नदीच्या दुसऱ्या टोकाला कमी पडतोय. त्र्यंबकला निघालेली गोदावरी साधारण १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळते आणि तिथे काकिनाड्याजवळ कोरिंगाचं भलंमोठं कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, आहे. धरणं, बंधारे यांत गाळ अडतो, त्रिभुज प्रदेशाला नवी माती मिळत नाही, समुद्र किनारा खात राहतो. म्हणजे किनाऱ्यावरच्या पाणथळांचा विषय नाशिककरांचा नाही असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

आता हे सगळं मी का सांगतेय, तर मी नाशिकच्याच अंबडमधल्या एका कंपनीत सीएसआर, म्हणजे कंपनीचा सामाजिक खर्च, बघते. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५, ठराविक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चायचे. आधी मी दुसऱ्या एका कंपनीत होते, तिथे एकदा मार्च उजाडला तरी पैसे शिल्लक होते, मग घाईघाईत ठरलं की कोकणात कांदळवन लावूया. दोन बस भरून माणसं, टोप्या, बॅनर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी, तिथे गुडघाभर चिखलात उभं राहून आम्ही दिवसभर रोपं लावली. मनापासून लावली हो. जवळच एक म्हातारे काका होडीचं काम करत बसले होते, ते मला म्हणाले, "ताई, इथे तिवर कधीच नव्हता. इथे आमच्या बायका तिसऱ्या काढतात."

तिवर म्हणजे कांदळवनातलं झाड आणि तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या. मी ते ऐकलं, सोबतच्या साहेबांना सांगितलंसुद्धा, पण रोपं आलेली होती, फोटोवाला आलेला होता. पुढच्या वर्षी मी स्वतःच्या खर्चाने परत गेले तर नुसत्या काड्या उभ्या होत्या, त्याही थोड्याच. नंतर वाचत गेले तसं कळलं की तिवराला भरती-ओहोटी दोन्ही लागते, जो चिखल दिवसातला बराच वेळ पाण्याखाली असतो तिथे रोप गुदमरतं, शिवाय बी पावसाळ्यात पिकते आणि आम्ही गेलो मार्चमध्ये. आणि तो उघडा चिखल रिकामा नव्हताच, तो शिंपल्यांचा, खेकड्यांचा, परदेशातून येणाऱ्या चिखलपक्ष्यांचा होता. कंपनीच्या अहवालात मात्र रोपांचा आकडा आणि फोटो, काम पूर्ण. हे मला अजून टोचतं.

उलट कोरिंगाला आणि तामिळनाडूत पिचावरमला काय झालं ते बघा. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात वनखात्याबरोबर काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी आधी विचारलं की इथलं जंगल परत का उगवत नाही. पिचावरमला उत्तर असं निघालं की पूर्वी पट्ट्यापट्ट्याने सरसकट तोड व्हायची, उघडी पडलेली जमीन उन्हाने सुकून खचली, मधे बशीसारखा खोलगटपणा आला, त्यात भरतीचं पाणी शिरायचं पण बाहेर पडायचं नाही, तिथेच आटायचं आणि मीठ वाढत जायचं. मग त्यांनी चर खणले, मधे एक मोठा आणि दोन्ही बाजूंना तिरपे छोटे, माशाच्या काट्यासारखे, पाणी आत-बाहेर करायला लागलं आणि त्या चरांच्या कडेने रोपं लावली, ती जगली. जमीन सरकारची, अभ्यास संस्थेचा, आणि गावसमित्या निर्णयात, राखणीत सोबत. भागीदारी म्हणतात ती ही.

आपल्याकडेही पाया आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्ष आहे, २०१७ ची उपजीविका योजना आहे ज्यात गटाने खेकडे किंवा कालवं पाळायची म्हटली तर ९० टक्के पैसे सरकार देतं आणि १० टक्के गट घालतो. वेंगुर्ल्यात बायकांचा बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो, ज्या बाईचं घर त्या तिवरावर चालतं ती त्याला कोयता लावू देईल का कोणाला? केंद्राची मिष्टी योजना २०२३ ला आली, पाच वर्षांत ५४० चौरस किलोमीटर कांदळवनाचं लक्ष्य. पैसा येतोय, खाजगी पैसाही येणार, आणि यावाच, कारण एकट्या वनखात्याच्या जिवावर एवढं होणार नाही. पण कंपनीचा पैसा आला की त्याच्यासोबत कंपनीचं घड्याळ येतं. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला सीएसआर पैसा वेगळ्या खात्यात टाकून तीन आर्थिक वर्षांत संपवायचा असतो, आणि खाडी काही तीन वर्षांत सावरत नाही. म्हणून मला वाटतं करार करतानाच लिहून घ्यावं की चर खणायचे, पाणी मोजायचं, पाचव्या वर्षी कोण जाऊन बघणार आणि गावाच्या हातात काय राहणार. आणि ज्या कंपनीने कायद्याने भरपाई म्हणून झाडं लावायचीच आहेत तिने ते सीएसआरमध्ये दाखवू नये, २०२१ पासून नियमातच तसं आहे, तरी लक्ष ठेवावं लागतं.

आणि गोदेचं काय? सिंहस्थ तोंडावर आहे, घाटांवर खर्च चाललाय, चांगलंच आहे. पण शहराचं सांडपाणी खाली जातं, पाणवेली वाढतात, त्या वाहत सायखेडा, चांदोरीच्या पुलांना अडकतात आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरला पोचतात. आपल्या कारखान्यांचा पैसा आधी इथे लागायला नको का, नाल्यांच्या तोंडाशी, शुद्धीकरणावर, चापडगावच्या पोरांच्या प्रशिक्षणावर? किनाऱ्याला जायचंच असेल तर आपल्याच नदीच्या किनाऱ्याला, कोरिंगाला जाऊ.

ह्या वर्षीचा प्रस्ताव मी तसाच लिहिलाय. एक तुकडा निफाडसाठी, एक कोकणातल्या खाडीसाठी, आणि कोकणवाल्यात पहिले सहा महिने एकही रोप नाही, फक्त भरतीचं पाणी कुठवर चढतं त्याच्या खुणा आणि गावाबरोबर बैठका. छापील फॉर्ममध्ये 'रोपांची संख्या' असा रकाना असतो, तो रिकामा सोडलाय. गुरुवारी मीटिंग आहे, पहिला प्रश्न त्यावरच येणार. उत्तर म्हणून त्या काड्यांचा फोटो फाइलला लावलाय.