चौदा सर्व्हर, आणि अपग्रेड फक्त सहांचं

आमच्या सर्व्हरवरच्या उबुंटू २०.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपणार हे माहीत होतं, तरी एप्रिल उजाडेपर्यंत मी ढकलत राहिलो. चौदा सर्व्हर नव्या २२.०४ आवृत्तीवर न्यायचे होते. एकेकावर लॉगिन करून कमांड चालवायची म्हटलं तरी आठवडा गेला असता.

पहिला सर्व्हर मुद्दाम हाताने केला. आधी स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत), मग डू-रिलीज-अपग्रेड, म्हणजे उबुंटूची आवृत्ती बदलणारी कमांड. ही कमांड एसएसएचवरून (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत) चालवली की कनेक्शन तुटलंच तर आत शिरता यावं म्हणून १०२२ पोर्टवर दुसरा एसएसएच सुरू करते. आमच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंदच होता, म्हणजे ही सोय असून नसल्यासारखी. मग कॉन्फिग फाइल्सचे प्रश्न: जुनी ठेवू की नवीन घेऊ? प्रत्येक उत्तर वहीत लिहिलं. रीबूटनंतर सर्व्हर आला, पण ॲप उठेना. लॉगमध्ये सरळ ‘मॉड्यूल सापडत नाही’. पायथन ३.८ चं ३.१० झालं होतं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधली (ॲपच्या पायथन पॅकेजेसची वेगळी जागा) सगळी पॅकेजेस ३.८ च्या फोल्डरमध्येच पडून होती. ते पुन्हा बनवलं. एकूण तीन तास.

चहा घेताना डोक्यात आलं, वेबच्या आठ सर्व्हरवर जपण्यासारखं आहेच काय? कोड गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं टूल), सेटिंग्ज ॲन्सिबलमध्ये (सर्व्हर आपोआप मांडून देणारं टूल). त्यांना अपग्रेड करायचंच कशाला? कोऱ्या २२.०४ वर ॲन्सिबलचा प्लेबुक, म्हणजे कामांची यादी, चालवला, लोड बॅलन्सरमध्ये (येणारं काम सर्व्हरांत वाटणारा) नवीन मशीन जोडलं, जुनं काढलं. आठही एका दुपारी उरकले.

उरले पाच. त्यातल्या तीन किरकोळ सर्व्हरना वहीतली उत्तरं प्लेबुकमध्ये घालून एकामागोमाग एक सोडलं. ‘सीरियल’ (एका वेळी किती सर्व्हर) एकवर ठेवलं, म्हणजे एक पडला की पुढचा सुरूच होत नाही. दोन डेटाबेस शेवटी, रात्री, आधी रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसची (प्रायमरीची) चालू प्रत. इथे घाई नको. अपग्रेडनंतर डेटाबेसचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस १२ चालूच राहतं आणि शेजारी १४ चं रिकामं क्लस्टर (डेटाबेसचा संच) तयार होतं. ते रिकामं आधी काढून टाकायचं, मगच डेटा नव्या आवृत्तीत नेणारं पीजी-अपग्रेडक्लस्टर चालवायचं. रेप्लिका मात्र नव्या प्रायमरीवरून पुन्हा भरून घ्यावी लागली.

सगळं हिरवं दिसलं म्हणून निवांत झोपलो. चौथ्या दिवशी सहज बॅकअपचं फोल्डर उघडलं, तर शेवटची फाइल अपग्रेडच्या आदल्या रात्रीची! बॅकअप ओढून नेणारं जुनं स्टोरेज एसएचए-१ वाल्या आरएसए सहीने (ओळख पटवायची जुनी, आता कमकुवत मानली जाणारी पद्धत) लॉगिन करायचं, आणि २२.०४ मधला ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचचं सॉफ्टवेअर, मूळ सेटिंगमध्ये ती सही नाकारतो. त्या यंत्राला ईडी२५५१९ की (नव्या प्रकारची लॉगिनची किल्ली) बनवता येत नव्हती. शेवटी फक्त त्याच्या आयपीपुरती जुनी सही चालू ठेवली आणि नवीन स्टोरेजची मागणी टाकली. ती अजून मंजुरीत आहे.